शब्दचर्चा : 'निवडक' इलेक्ट्रोड आणि लँथॅनम फ्लोराइड

प्रश्न : पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय. पाण्यातलं फ्लोराइड मोजणाऱ्या 'फ्लोराइड आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड'ला 'निवडक इलेक्ट्रोड' लिहिलंय, पण कानाला खटकतंय. त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा 'युरोपियम-डोप्ड' स्फटिक असतो. डोप्डला 'भेसळयुक्त' चालेल? आणि लँथॅनम, युरोपियम यांना 'रेअर अर्थ' म्हणतात, ते म्हणजे दुर्मिळ माती का?

— भेसळयुक्त नको हो! भेसळ दुधात नि तिखटात होते, आणि करणारा ती लपवतो. इथे युरोपियम मुद्दाम घातलंय. लँथॅनमवर तीन धनभार, या युरोपियमवर दोनच. म्हणून ते जिथे बसतं तिथे एका फ्लोराइडची जागा रिकामी राहते. शेजारचा फ्लोराइड आयन त्या जागेत सरकतो, त्याच्या जागी पुढचा. साध्या तापमानाला घन पदार्थातून आयन असे हिंडतात, हे विशेषच. 'युरोपियम मिसळलेला स्फटिक' लिहा.

— खटकणारच. निवडक म्हणजे निवडलेलं : निवडक कविता, निवडक पाहुणे. इथे इलेक्ट्रोडच निवड करतोय. खरा शब्द 'चोखंदळ', पण पुस्तिकेत वाचून लोक हसतील. 'फक्त फ्लोराइडला प्रतिसाद देणारा' असं एकदा सांगून पुढे नुसतं 'फ्लोराइड इलेक्ट्रोड' म्हणा.

— 'फक्त' जरा जपून. हायड्रॉक्साइड आयन आकाराने आणि भाराने फ्लोराइडच्या जवळचा, त्यामुळे पाणी फार अल्कधर्मी असलं की इलेक्ट्रोड फसतो. फार आम्लधर्मी असेल तर फ्लोराइड हायड्रोजनला जाऊन चिकटतो आणि मोजलाच जात नाही. म्हणून बफर घालून सामू (pH) ५ ते ५.५ च्या आसपास ठेवतात. अॅल्युमिनियम आणि लोह फ्लोराइडला धरून बसतात, तेव्हा त्यांना अडकवणारं द्रव्यही त्याच बफरमध्ये असतं. पुस्तिकेत हा भाग ठळक करा. २५ अंशांना फ्लोराइड दहापट झालं तर इलेक्ट्रोडचं विभवांतर (व्होल्टेज) सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. या दोहोंतला फरक जेमतेम १० मिलिव्होल्ट! यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरचं पाणी तपासताना बफरमध्ये हयगय केली, तर चांगली बोअर वाईट ठरेल किंवा उलट.

— 'माती' नको. जुने रसायनज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या, आगीला दाद न देणाऱ्या ऑक्साइडांना 'अर्थ' म्हणत. 'विरल मृदा' ठीक. तसं लँथॅनम भूकवचात शिशापेक्षाही जास्त आहे, पण एका जागी दाट साठा क्वचित सापडतो.

— फ्रँट आणि रॉस या संशोधकांनी १९६६ मध्ये हा इलेक्ट्रोड मांडला. लँथॅनम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून तर तो पाण्यात बुडवून ठेवता येतो. वितळतं १५०० अंशांच्या जरा अलीकडे. अतिनील किरणांसाठीच्या भिंगांवर त्याचा पातळ थरही चढवतात. अवांतर : जुन्या टॉकीजमधल्या प्रोजेक्टरच्या कार्बनच्या कांड्यांत, गाभ्यामध्ये, याच्या भाऊबंदांपैकी सेरियम फ्लोराइड भरत. प्रकाश पांढरा आणि प्रखर पडे.

— आभार सगळ्यांचे. 'फ्लोराइड इलेक्ट्रोड' आणि 'युरोपियम मिसळलेला स्फटिक' घेते. 'फक्त'च्या जागी 'मुख्यतः'. बफरला काय म्हणू?

— बफरच म्हणा.