चव छान, पण कुणी ढुंकून बघितलं नाही. अशा ठिकाणी परत जावं का?

खिडकीपाशी
परवा आम्ही चौघं सहज बाहेर जेवायला गेलो. निमित्त काही नव्हतं, घरी कुणालाच स्वयंपाकाचा उत्साह नव्हता एवढंच. पाणी आलं, मेन्यूकार्ड आलं आणि वेटर जो गेला तो गेलाच. ऑर्डर घ्यायला पंचवीस मिनिटं लागली. आईने दोनदा हात वर केला, तर तो जमिनीकडे बघत आमच्या टेबलाला वळसा घालून गेला. ते नजर चुकवणं मला अजून खुपतंय. मग तिघांची ताटं आली, आईचं नाही. "सुरू करा रे, गार होतंय," असं तीच आम्हाला म्हणत राहिली. तिचं ताट आलं तेव्हा आमचं खाऊन झालं होतं. जेवण खरंच चांगलं होतं, पण परतताना गाडीत चवीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या मते अशा ठिकाणी पुन्हा पाऊल ठेवू नये. तुम्हाला काय वाटतं?

माजी कॅप्टन
नाही पटलं. हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, म्हणून मी सहा वर्षं काढली आहेत. वेटर नजर चुकवतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडे द्यायला उत्तर नसतं. दारावरचा माणूस एकदम आठ टेबलं भरतो, आठही ऑर्डरी एकाच वेळी किचनमध्ये जाऊन पडतात, शेगड्या मात्र तेवढ्याच. एकाच टेबलाचे पदार्थ वेगवेगळे लोक बनवतात. त्यातला एक अडकला की तयार ताटं थांबवायची की पुढे न्यायची, हे त्या पोराला उभ्या उभ्या ठरवावं लागतं. थांबवली तर तिघांचं गार, नेली तर एक जण उपाशी. त्यात कुणी रजेवर असलं की चार टेबलांचा माणूस नऊ टेबलं सांभाळतो. राग धरायचाच तर माणसं कमी ठेवणाऱ्या मालकावर धरा. एका वाईट संध्याकाळीपायी कायमची फुली मारणं अन्याय आहे.

रोखठोक
किचनची अडचण गिऱ्हाइकाने का सोसायची? पैसे पूर्ण घेतले ना?

सावकाश
वाट बघण्याच्या मानसिकतेवर व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलं होतं: कारण न कळता बघितलेली वाट जास्त लांब वाटते, आणि काम सुरू होण्याआधीची वाट सुरू झाल्यानंतरच्या वाटेपेक्षा जड जाते, कारण आपल्याला विसरले की काय ही धास्ती असते. धागाकर्तीची पंचवीस मिनिटं नेमकी तीच. "पाच मिनिटांत येतो" एवढं म्हणायला नऊ टेबलं आड येत नाहीत.

माजी कॅप्टन
येतात हो. तेवढं म्हणायला थांबलं की शेजारचं टेबल हाक मारतं. आणि पाच मिनिटांत जमलं नाही तर खोटारडे ठरतो. पण आईंचं ताट मागे राहिलं तेव्हा कुणीतरी येऊन सांगायलाच हवं होतं, तिथे मी वेटरची बाजू घेणार नाही. तुम्ही मॅनेजरला का नाही बोलावलं? तक्रार कानावर गेली की निदान ते एक ताट पुढे काढता येतं.

खिडकीपाशी
बोलावणार होते. आईने हात धरला, "चारचौघांत नको" म्हणाली. एकदम टेबलं भरल्यावर काय होतं हे मला माहीत नव्हतं, तो मुद्दा मान्य. आई म्हणते पुन्हा जाऊ, गर्दी नसेल तेव्हा. मला अजूनही जावंसं वाटत नाही.