मदत हवी आहे: १९१७ च्या गस्ती मोटरबोटीवर तोफ कशी बसवत?

मंडळी, एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर तिथल्या नौदलाने खाजगी मोटरबोटी ताब्यात घेतल्या, त्यांना ‘एसपी’ (सेक्शन पेट्रोल, म्हणजे विभागीय गस्त) क्रमांक दिले आणि किनाऱ्यालगत गस्तीला लावलं. अशाच एका साठ फुटी लाकडी बोटीचं १:२४ मॉडेल करतोय. त्यांच्या नौदलाच्या जहाजकोशात लांबी, वेग, शस्त्रं मिळाली; डेकखालचं काहीच नाही. फोटोत पुढे ३७ मिलिमीटरची एक-पाउंडर (साधारण एक पौंडाचा गोळा डागणारी) तोफ दिसते, पण नेमकी बैठक खलाशांच्या पायांनी झाकलीय. हौसेच्या बोटीची पातळ फळी तो धक्का सोसायची कशी, हेच डोक्यातून जात नाही. मॉडेलचा डेक उचलता येणार, त्यामुळे आतलं अंदाजे करून चालणार नाही. रंगाची माहिती आहे. तोफेखाली जादा तुळया टाकत, की थेट तळकण्यापर्यंत (बोटीच्या तळाच्या मुख्य लांब तुळईपर्यंत) खांब उतरवत?