पॅरिसहून एका दिवसात ला शारिते-सुर-ल्वार, जमेल का?

भटकी_पेन्सिल: ऑक्टोबरमधे पॅरिसला बहिणीकडे चाललेय, आई पण सोबत आहे. ल्वार नदीकाठचं हे पुस्तकांचं गाव डोक्यात बसलंय, पण माझं फ्रेंच अगदीच मोडकंतोडकं आणि आईला पुस्तकांत काडीचा इंटरेस्ट नाही. आपल्या भिलारसारखंच असतं का ते? सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का?

खडूफळा: येईल की. पॅरिस बर्सी स्टेशनवरून नेव्हरच्या लाइनवर साधारण दोन तास, फक्त सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, परतीची आधीच बघून ठेव. भिलारसारखं नाही गं, तिथे लोकांच्या घरात बसून फुकट वाचायचं, इथे जुन्या पुस्तकांचे पक्के व्यापारी आहेत, किंमत बरोब्बर माहीत असते त्यांना. दुपारी जेवायला शटर खाली, तेवढ्यात आईला दगडी पुलावर घेऊन जा, तिथून गाव मस्त दिसतं. नदी दिसायला शांत वाटते पण वाळूचे पट्टे आणि ओढ बेकार, पाण्यात उतरू नका.

उंडगा७७: मला विचारशील तर पुस्तकं बोनस, खरा माल तिथली नोत्र-दाम प्रायरी (पॅरिसचं नोत्र-दाम नव्हे). 1059 मधे क्लुनी या फ्रान्समधल्याच मोठ्या मठाच्या साधूंनी सुरू केलेला मठ, 1107 मधे खुद्द पोप आला होता अभिषेकाला, मग 1559 च्या आगीत चर्चचा पुढचा भाग गेला. त्यामुळे आता टॉवर एकीकडे, उरलेलं चर्च दुसरीकडे, मधे चौक, आणि जुन्या भिंतीच्या कमानींत चक्क लोकांची घरं घुसलीयत, खिडक्या-पडद्यांसकट! एकोणिसाव्या शतकात यातून रस्ता काढायचं घाटत होतं, मेरिमे नावाच्या, जुन्या वास्तूंच्या सरकारी इन्स्पेक्टरने ते हाणून पाडलं. 1998 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रामार्गाचा भाग म्हणून.

खडूफळा: हे बरोबर, पण पुस्तकांना बोनस म्हणू नकोस रे 😄 फ्रेंच न येणाऱ्याला पण जुनी पोस्टकार्डं, नकाशे, कॉमिक्स चाळता येतात.

भटकी_पेन्सिल: थँक्यू दोघांना! चर्च म्हटलं की आई एका पायावर तयार. सोमवारी जाऊ का, तेव्हा बहिणीला सुट्टी आहे?

उंडगा७७: सोमवार नको, फ्रान्समधल्या छोट्या गावात निम्मी दुकानं बंद असतात. शनिवार बघ.