क्रोशे: रुमाल चौकोनी सुरू होतो आणि वर निमुळता होत जातो, मदत हवी आहे

खिडकीची_सीट

क्रोशे शिकतेय, सगळं यूट्यूब बघून. साखळी येते, मुका खांब म्हणजे बुटका टाका येतो, खांब म्हणजे उंच टाकाही दिसायला बरा पडतो. तरी २० खांबांची ओळ चार-पाच ओळींत १५-१६ वर येते. कडा दोन्ही बाजूंनी आत आत येतात, पण टाका नेमका कुठे खाल्ला जातो ते सापडत नाही. मधले खांब मोजले तर बरोबर असतात!

दुसरी अडचण. मावशीकडे एका इंग्रजी पुस्तकाची जुनी झेरॉक्स आहे. त्यातला गोल टेबलमॅट घेतला. त्यात प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवत ‘डबल क्रोशे’ घालायचे आहेत. व्हिडिओत दाखवतात तसे घातले, तर मॅटची वाटी झाली. आई म्हणाली, ठेव, सुपारी ठेवायला होईल.

सामान दादरच्या एका दुकानातून आणलं: बारीक स्टीलची सुई, २० नंबरचा कॉटन दोरा, रंग गडद निळा. ऑफिसला जाताना लोकलमध्ये बोरिवलीहून बसायला मिळतं, तेव्हा विणते. जाणकारांनी सांगा, चुकतंय कुठे?

उसवाउसवी

मधले बरोबर आहेत म्हणजे घोळ कडेलाच आहे. खांबांच्या ओळीत वळताना ज्या ३ साखळ्या घालतेस, तो त्या ओळीचा पहिला खांब असतो. त्यामुळे त्यांच्या पायाशी असलेल्या टाक्यात पुन्हा खांब घालायचा नाही, पुढच्यात घालायचा. इथवर बहुतेक जण नीट करतात. गडबड ओळीच्या शेवटी होते. खालच्या ओळीच्या त्या ३ साखळ्या आता टोकाला आलेल्या असतात, टाक्यासारख्या दिसत नाहीत, आणि आपण त्यांना सोडून वळतो. शेवटचा खांब त्यातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे तिसऱ्या साखळीत घालायचा. तो राहिला की दर ओळीला एक टाका गेलाच. ओळी उलटसुलट जातात म्हणून दोन्ही कडा खाल्ल्या जातात.

मुक्या खांबाला मात्र हे उलटं आहे. वळताना १ साखळी, ती मोजायची नाही, आणि पहिला मुका खांब तिच्या पायाशीच घालायचा. दोन्ही नियम एकदम शिकलं की डोक्यात काला होतो. आधी नुसत्या मुक्या खांबांचा एक चौकोन पुरा कर.

सुरुवातीचा हिशोब: २० खांबांना २२ साखळ्या आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. २० मुक्या खांबांना २१ साखळ्या, पहिला दुसऱ्या साखळीत. सुईवरचा फासा मोजायचा नाही.

लोकरवेडी

वरचं सगळं खरं, पण गडद निळ्या २० नंबर दोऱ्यात तिसरी साखळी दिसणार कुणाला? तो दोरा बाजूला ठेव गं. फिक्या रंगाची मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिमीची सुई घे. सुई घेताना मिमी बघ. स्टीलच्या सुयांमध्ये नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, त्यात नवखे हमखास फसतात.

गिरगावची_काकू

मुंबईच्या मे महिन्यात लोकर? घामट हाताला अॅक्रिलिक चिकटतं, सुईवरून सरकत नाही. फिक्या रंगाचं जाड कॉटन घ्यावं, टाकाही स्वच्छ दिसतो.

आता वाटीचं. पुस्तक ब्रिटिश पद्धतीचं आहे, व्हिडिओ अमेरिकन. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे आपला पूर्ण खांब, ज्याला ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणतात. तू मुक्याच्या जागी उंच खांब घातलेस आणि वाढवलेस मात्र सहाच. मुक्या खांबाच्या गोलात फेरीला साधारण ६ टाके वाढवले की तो सपाट बसतो, खांबाच्या गोलात १२ लागतात. वाढ कमी पडली की वाटी, जास्त झाली की कडेला झालर. नमुन्यात ‘हाफ ट्रेबल’ दिसलं तर ब्रिटिश समजायचं, ‘हाफ डबल’ दिसलं तर अमेरिकन.

खिडकीची_सीट

उसवाउसवी, अगदी तेच होतं! त्या तीन साखळ्यांना मी टाका म्हणून धरतच नव्हते. काल उसवून पुन्हा विणलं, आता कड सरळ जातेय. काकू, वाटी आईने खरंच सुपारीला घेतली, त्यामुळे मॅट आता मुक्या खांबात नव्याने. फक्त रुमालाची खालची कड अजून कमानीसारखी वाकते. तेवढं सांगाल?

गिरगावची_काकू

साखळी घट्ट होतेय. सुरुवातीची साखळी अर्धा मिमी जाड सुईने घाल आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घे. धागा बोटाला आवळून धरू नकोस.

उसवाउसवी

आणि वळतानाची ती तिसरी साखळी घालतानाच तिच्यात छोटी सेफ्टी पिन अडकवत जा, पुढच्या ओळीच्या शेवटी शोधायला नको. चार-सहा ओळींनंतर डोळ्यांना सवय होते, मग पिना काढून टाक.

लोकरवेडी

ट्रेनमध्ये गोल घेऊ नकोस, फेरीची मोजणी अंधेरीची गर्दी चढली की गेलीच. अरुंद पट्टी घे. धाग्याची गुंडी पर्समध्ये ठेवायची, आतलं टोक बाहेर काढायचं, म्हणजे ती कुणाच्या पायात घरंगळत नाही. उतरायच्या आधी फासा मोठा ओढून त्यात पिन घाल आणि सुई काढून डबीत ठेव. स्टीलची बारीक सुई उघडी घेऊन लेडीज डब्याच्या दारात उभी राहू नकोस, शेजारणीच्या ओढणीत अडकते आणि मग चर्चगेटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.