विषय: सामूहिक सॅक-खरेदी – सर्वांना एकच माप चालेल का?

प्रेषक: सहल समिती

स. न. वि. वि.

सॅकची मागणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नोंदवायची आहे आणि गाडी अजून मापावरच अडली आहे. रंगावर मतदान होऊन गेले आहे, तो विषय कृपया पुन्हा काढू नये. साधारण ४० लिटरची, समोरून पूर्ण उघडणारी, लॅपटॉपसाठी वेगळा कप्पा असलेली आणि प्रवासाइतकीच रोजच्या कामालाही चालेल अशी सॅक घ्यावी, यावर दुमत नाही. अडचण एवढीच की ही सॅक पाठीच्या लांबीनुसार दोन मापांत येते आणि विक्रेता सवलत देतो ती एकाच मापाच्या मागणीवर. सर्वांसाठी मोठे माप मागवावे आणि ज्यांना ते मोठे होईल त्यांनी पट्टे आवळून घ्यावेत, असे खजिनदारांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. पण मागच्या खेपेस समितीने परस्पर ठरवले असा सूर निघाला होता, म्हणून सर्वांसमोर विचारते आहे.

---

प्रेषक: खजिनदार

पुन: एकच माप

माझे म्हणणे अर्धवट मांडले गेल्यामुळे खुलासा करतो. दोन्ही मापांत सामान मावते तेवढेच. फरक आहे तो फक्त पाठीकडच्या बाजूच्या उंचीत, आणि तोही काही सेंटिमीटरचा. खांद्याचे पट्टे कमीजास्त करता येतात, छातीचा पट्टा वरखाली सरकतो, कंबरेचा पट्टा हवा तेवढा घट्ट करता येतो. एवढी सोय असताना मागणी दोन मापांत विभागून सवलत घालवणे मला सयुक्तिक वाटत नाही. शिवाय दोन मापे आली की कोणाला कोणते गेले, कोणी कोणाशी बदलले, याचा हिशोब शेवटी माझ्याच गळ्यात पडतो, हे टी-शर्टांच्या वेळी सर्वांनी पाहिले आहे.

---

प्रेषक: आरोग्य विभाग

पुन: एकच माप

खजिनदारसाहेब, सॅक म्हणजे नुसती पाठीवरची पिशवी असती तर मी तुमच्याच बाजूने मत दिले असते. फिजिओथेरपीच्या कामात मानेचे आणि खांद्यांचे दुखणे घेऊन आलेल्या माणसांच्या सॅक मी रोज पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

या आकाराच्या सॅकला कंबरपट्टा दिलेला असतो तो खांद्यावरचा भार कमरेच्या हाडावर उतरवण्यासाठी. ते काम नीट व्हायचे तर पट्ट्याचा मधला भाग त्या हाडाच्या वरच्या कडेवर बसावा लागतो. आता पाठ आखूड आणि सॅक लांब असली म्हणजे काय होते ते पाहा. खांद्याचे पट्टे अंगाला लागेपर्यंत ओढले की कंबरपट्टा घसरून हाडाच्या खाली येतो आणि चालताना मांडीच्या वरच्या भागाला अडतो. तो वर चढवून हाडावर आणला, तर खांद्याचे पट्टे खांद्यावरून अधांतरी उचलले जातात, पट्टा आणि खांदा यांत दोन बोटे सहज शिरतील एवढी फट राहते, आणि सॅक मागच्या बाजूला ओढू लागते. मग माणूस नकळत मान पुढे काढून चालतो. पट्टे आवळल्याने त्यांची लांबी बदलते. ते सॅकला ज्या जागी शिवलेले असतात, ती जागा तसूभरही हलत नाही, आणि मापाचा सगळा प्रश्न त्या जागेचा आहे.

उंचीवरून अंदाज बांधू नये. लांब पायांच्या उंच माणसाची पाठ आखूड असू शकते आणि बुटक्या माणसाची लांब. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड ठळकपणे हाताला लागते. दोन्ही हात कमरेच्या हाडावर, अंगठे मागे येतील असे ठेवले की दोन अंगठ्यांना जोडणारी एक आडवी रेषा मिळते. त्या मानेच्या हाडापासून या रेषेपर्यंत, पाठीच्या कण्याच्या वळणाला धरून टेप लावावी. येईल ते आपले माप. प्रौढांमध्ये ते ढोबळमानाने ४० ते ५५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरते, म्हणजे साहेब म्हणतात तो ‘काही सेंटिमीटरचा’ फरक बराच मोठा आहे. माप दुसऱ्याकडून घ्यावे. स्वतःचे स्वतः घेताना पाठ वाकते.

आणि कृपा करून रिकामी सॅक पाठीला लावून ‘छान बसते’ असे कोणी कळवू नये. रिकामी सॅक सर्वांनाच छान बसते. तिच्यात सहा-सात किलो वजन भरावे, सगळे पट्टे सैल करून आधी कंबरपट्टा लावावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, त्यानंतर खांद्यावरचे छोटे तिरके पट्टे आणि सर्वांत शेवटी छातीचा. आणि मग निदान वीस मिनिटे चालून पाहावे. जड वस्तू पाठीला लागून, साधारण खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये येतील अशा भराव्यात. त्या बाहेरच्या खिशात गेल्या तर मापाची सॅकसुद्धा मागे ओढते.

---

प्रेषक: खजिनदार

पुन: एकच माप

ताईंचे विवेचन वाचून एक नवीनच प्रश्न पडला. अनेक विमान कंपन्या केबिनमधल्या सामानाला ७ किलोची मर्यादा घालतात. कंबरपट्टा आणि आतली ताठ चौकट असलेली ४० लिटरची सॅक रिकामीच दीड किलोच्या आसपास भरते. म्हणजे उरले साडेपाच किलो. एवढ्याशा भारासाठी कमरेचा आधार हवाच कशाला? आणि रोज कामावर जाताना तो कंबरपट्टा बांधतो कोण? तो दाराच्या कडीत, खुर्चीच्या हातात अडकत लोंबकळतो. कंबरपट्टाच नको असे ठरवले तर मापाचा वाद आपोआप मिटतो.

---

प्रेषक: युवा विभाग

पुन: ७ किलो

काका, ७ किलोच्या मुद्द्याला धरूनच एक भर घालतो. केबिनमध्ये सॅक नेता येईल की नाही हे लिटरवर ठरत नाही. विमान कंपनी लांबी, रुंदी आणि जाडी मोजते. साधारण ५५ सेंटिमीटर उंची बऱ्याच ठिकाणी चालते, पण जाडीची मर्यादा कोठे २०, कोठे २३, कोठे २५ सेंटिमीटर असते. समोरचा खिसा ठासून भरला की ४० लिटरची सॅक नेमकी जाडीतच बाहेर जाते, मग वजन कितीही कमी असो. त्यामुळे बाजूचे आवळपट्टे आहेत की नाहीत, हे मला कंबरपट्ट्याहून महत्त्वाचे वाटते.

दुसरे असे की विमान भरलेले असले तर दारापाशीच सॅक काढून घेऊन सामानाच्या कक्षात टाकतात. पॉवर बँक त्या कक्षात नेता येत नाही. ती जवळच ठेवावी लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. (२०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तास भरते.) तेव्हा ती तळाशी न ठेवता वरच्या खिशात हवी, म्हणजे रांगेत उभ्याने सगळी सॅक उलटी करावी लागणार नाही. शिवाय कक्षात जाणाऱ्या सॅकचे लोंबते पट्टे सरकत्या पट्ट्यांच्या यंत्रात अडकून फाटतात. पट्टे आत सारून झाकता येतील असा कप्पा पाठीला आहे का, ते समितीने विचारून घ्यावे.

---

प्रेषक: ग्रंथालय

पुन: पुन: ७ किलो

मापावर सर्वजण लिहीत आहेत, कापडाबद्दल मात्र कोणीही चकार शब्द काढलेला नाही, म्हणून लिहितो. पुस्तकांच्या ने-आणीसाठी ग्रंथालयाने मंडळाच्या सॅक वर्षानुवर्षे वापरल्या आहेत, आणि त्या कोठे फाटतात हे मला ठाऊक आहे.

पत्रकात ‘१००० डेनियर’ असे ठळक छापलेले पाहून अनेकांचा समज झालेला दिसतो की आकडा मोठा म्हणजे सॅक अजरामर. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून धाग्याची जाडी कळते, कापडाचा दर्जा कळत नाही. त्याच जाडीचे नायलॉन घासले जाण्याला पॉलिएस्टरपेक्षा चांगले तोंड देते. उलट उन्हात सतत राहणाऱ्या वस्तूला पॉलिएस्टर बरे. रोजच्या वापराला ४२० ते ५०० डेनियरचे चांगल्या विणीचे नायलॉन पुष्कळ झाले. तळाला मात्र जाड कापडाचा दुहेरी थर असावा, कारण सॅक जमिनीवर टेकते ती तळावर. १००० डेनियरची सबंध सॅक घेतली तर साहेबांच्या साडेपाच किलोंतले आणखी काही जातील.

कापडाच्या आधी शिवण जाते. खांद्याचा पट्टा वरच्या बाजूला जेथे सॅकला मिळतो तेथे बोटाने चाचपून पाहावे: एकावर एक दाट, आडव्या टाक्यांची पट्टी लागली तर ठीक, नुसती एकेरी सरळ शिवण लागली तर ती सॅक परत ठेवावी. आतून कापडाच्या कडा पट्टीने बांधलेल्या आहेत का, तेही पाहावे. कडा उघड्या राहिल्या तर धागे सुटत जातात आणि एक दिवस शिवण कापडासकट उसवते.

तिसरी गोष्ट आतल्या लेपाची. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप देतात. उष्ण आणि दमट जागी सॅक घडी घालून ठेवून दिली की ओलाव्याने हा लेप हळूहळू विघटित होतो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि पुस्तकांच्या वेष्टनांना चिकटतात. आपल्या कपाटातल्या दोन सॅक अशाच गेल्या, बाहेरून नव्यासारख्या दिसत असताना. म्हणून सहलीनंतर सॅक ओल्या परत करू नयेत, ही विनंती मी येथे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो.

---

प्रेषक: युवा विभाग

पुन: सॅकचे कापड

ओल्या सॅक आमच्या विभागाने परत केल्या होत्या असा अर्थ निघू नये. आमच्याकडे त्या आल्याच ओल्या होत्या. बाकी काकांच्या शिवणीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. त्यात चेनची भर घालतो. रनर उलटा करून पाहिला तर त्यावर बहुधा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० असावी, ५ नंबरची फक्त छोट्या खिशांना. समोरून पूर्ण उघडणाऱ्या सॅकमध्ये हे अधिकच पाहावे लागते, कारण तेथे सामानाचा सगळा ताण चेनवर येतो आणि ती कोपऱ्यांत वळते. दात बाजूला झाले म्हणून लोक सॅक टाकून देतात. बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि रनरच्या कडा फाकलेल्या असतात. पक्कडीने त्या हलकेच दाबल्या, नाहीतर नवा रनर बसवला, की काम भागते. जोर मात्र बेताने लावावा, रनर तुटू शकतो.

---

प्रेषक: आरोग्य विभाग

पुन: एकच माप

चेनच्या गदारोळात माझ्या पत्राला मिळालेले उत्तर वाहून जाऊ नये. साडेपाच किलोला कंबरपट्टा लागत नाही, हे साहेबांचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. हलक्या भाराला, घर ते काम एवढ्या अंतराला, रुंद आणि कडेला न कापणारे खांद्याचे पट्टे आणि छातीचा पट्टा पुरतात. परंतु मग ४० लिटर कशासाठी? जागा असली की माणूस ती भरतो, आणि परतीच्या प्रवासात ७ किलोंचे १० कधी झाले ते कळतही नाही. कंबरपट्टा काढायचा असेल तर सॅक २६ ते ३० लिटरची घ्यावी. एवढ्या लहान सॅक बहुधा एकाच मापात येतात आणि त्यांत पाठीच्या लांबीने फारसे बिघडत नाही. ४० लिटरच ठेवायची असेल तर दोन मापे हवीत, किंवा जिचा खांद्याचा जोड पाठीवर वरखाली सरकवता येतो अशी सॅक हवी. ती एका मापात सर्वांना बसते. मात्र थोडी जड असते आणि तो सरकता भाग ढिला पडतो का, हे विकत घेण्यापूर्वी भार भरून तपासावे लागते. ४० लिटर, मोठे माप आणि आवळलेले पट्टे हा एकच पर्याय मला मान्य नाही.

---

प्रेषक: सहल समिती

पुन: एकच माप

विक्रेत्याशी आत्ताच बोलले. सरकत्या जोडाची सॅक त्यांच्याकडे आहे, चेन ८ नंबरची आहे, तळ दुहेरी आहे, आणि कंबरपट्टा सुटा काढता येतो. म्हणजे रोजच्या वापरात तो लोंबकळणार नाही. पट्टे झाकण्याचा कप्पा नाही. एकच माप असल्यामुळे सवलत कायम राहते. वजन मात्र १.७ किलो आहे. नमुन्याची एक सॅक गुरुवारी तालमीच्या वेळी सभागृहात ठेवते. वजनासाठी ग्रंथालयाने पुस्तके द्यावीत. टेप घेऊन ताई बसतील. ज्यांच्या पाठीचे माप सरकत्या जोडाच्या पल्ल्याबाहेर जाईल त्यांची नावे त्याच वेळी लिहून घेऊ, आणि त्यांच्यासाठी ३० लिटरची वेगळी मागणी करू.

---

प्रेषक: ग्रंथालय

पुन: पुन: एकच माप

पुस्तके देण्यास हरकत नाही. ती जाड बांधणीची देतो, परंतु सॅकमध्ये भरताना कागदात गुंडाळावीत, आणि मोजून परत करावीत.

---

प्रेषक: खजिनदार

पुन: पुन: एकच माप

या सॅकला माझी हरकत नाही. मात्र मापांची आणि नावांची यादी सहल समितीकडे न देता माझ्याकडे द्यावी. मागणीची नोंद आणि पैशांची नोंद एकाच वहीत राहिली पाहिजे. १.७ किलोचा आकडा कंबरपट्ट्यासह आहे की त्याशिवाय, हे विक्रेत्याकडून लेखी मागवावे.