मदत हवी: खोडव्याला हुमणी लागलीय, निडवा ठेवावा की ऊस मोडावा?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याला असतो, दांडिया बाजारात घर आणि नोकरी मकरपुऱ्याला, पण आमची दीड एकर मळीची (नदीच्या गाळाची) जमीन गावाकडे आहे, वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी, आणि ती काका एकटेच बघतात, वय ७१. गाव एवढंसं, घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की ऊसच.

गणपतीला गेलो तर खोडव्यात, म्हणजे पहिल्या तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, मधेमधे पिवळे पट्टे. काका म्हणाले पाणी कमी पडलं असेल, मी एक बेट धरून ओढलं तर अख्खं हातात आलं, मुळ्याच नाहीत, आणि खाली तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या, हीच मुळ्या खाणारी हुमणी, एकाच बेटाखाली ७ मोजल्या. काका बांधावर बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत, ते अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये.

ऊस को ८६०३२ जातीचा आहे, जानेवारीत तोड येईल. काकांचं म्हणणं निडवा ठेवू, म्हणजे खोडवा तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा एक पीक घेऊ, बेणं आणि नांगरटीचा खर्च वाचतो. मला वाटतं मोडावा. मग ते म्हणतात मोडलाच तर उन्हाळी भुईमूग करू. काय करावं? आणि आत्ता औषध ओतून काही फरक पडेल का? बडोद्यात बसून फोनवर काकांना काहीतरी चुकीचं सांगायची भीती वाटते.

प्रतिसाद १:
निडवा अजिबात ठेवू नका, अळ्या त्याच रानात राहणार. तोड झाली की खोडक्या काढून खोल नांगरट करा, नांगरामागं बगळे येतात ते अळ्या वेचून खातात. भुईमूग नको, त्याच्याही मुळ्या हुमणी खाते. आता अळी मोठी झालीय, औषधाला दाद देत नाही, पैसे वाया जातील. मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी शेणखतात मिसळून पावसाळ्याच्या सुरुवातीला, जमिनीत ओल असताना द्या, तेव्हा अळी लहान असते.

प्रतिसाद २:
नदीकाठ म्हणताय म्हणून सांगतो. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे (अळीचे पुढे होणारे किडे) वळीव झाला की रात्री कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात, फांद्या हलवून पाडता येतात. नदीकाठची जात वेगळी, तिचे भुंगेरे पाला खात नाहीत, झाडावर शोधू नका, संध्याकाळी जमिनीतून निघतात तेव्हाच वेचायचे. आणि हे एकट्या काकांचं काम नाही, शेजारच्या बांधावाल्यांनाही घ्या, नाहीतर त्यांच्या रानातले परत तुमच्याकडे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काकांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. भुईमुगाचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "बरं, मोडू. पण नांगरटीला तू ये." जानेवारीत रजा टाकतोय. उसाऐवजी मधे हरभरा घेता येईल का तेवढ्या उशिरा, की खतासाठी ताग गाडून सरळ आडसालीची (पावसाळ्यातल्या ऊस लागणीची) वाट बघावी?