मदत हवी आहे: अन्ननलिकेचा कर्करोग आणि खाणंपिणं

माझ्या काकांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचं निदान झालंय. उपचार सुरू आहेत, त्याबद्दल प्रश्न नाही. पण तेव्हापासून घरात जो तो दुसऱ्याच्या ताटात डोकावतोय. कुणी म्हणतं चहा सोडा, कुणी म्हणतं मांस सोडा, कुणी जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुचवतं. काका चहा अगदी वाफाळता पितात, मीही तसाच पिते. यात तथ्य किती? जाणकारांनी कृपया सांगावं. ('सगळं नशिबात असतं' छापाचे प्रतिसाद नकोत.)

प्रतिसाद
आधी रिपोर्टमध्ये प्रकार बघा. अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींपासून होणारा प्रकार) असेल तर तो सहसा खालच्या टोकाला, जठराजवळ होतो. वर्षानुवर्षं वर येणारं आम्ल आणि लठ्ठपणा, खासकरून पोटाचा घेर, ही त्याची मोठी कारणं. तिथे एकेक पदार्थ हुडकत बसण्यापेक्षा वजनाकडे बघावं. स्क्वेमस सेलची, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणाऱ्या प्रकाराची, गोष्ट वेगळी.

धागाकर्ती
स्क्वेमस लिहिलंय, मधला भाग. काका सिगारेट ओढायचे, दारूही होती.

प्रतिसाद
मग चहाला पहिला आरोपी करू नका. स्क्वेमसमध्ये तंबाखू आणि दारू हीच मुख्य कारणं, आणि दोन्ही एकत्र आली की धोका नुसत्या बेरजेहून जास्त वाढतो. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं.

चहाचं म्हणाल तर दोष चहाचा नाही, तापमानाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसच्या वरची पेयं 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली. मग तो चहा असो, कॉफी असो की नुसतं पाणी. इराणच्या गोलेस्तानमध्ये सुमारे ५० हजार लोकांची अनेक वर्षं नोंद ठेवली गेली. दिवसाला ७०० मिलीहून जास्त आणि ६० अंशांहून गरम चहा पिणाऱ्यांमध्ये, त्याहून कमी आणि ६० अंशांखालचा चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, हा धोका सुमारे ९० टक्के जास्त दिसला. (९० टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या नव्वद जणांना होतो असं नव्हे! मूळ धोकाच लहान असतो.) तेव्हा चहा खुशाल प्या, पण कप पाचेक मिनिटं बाजूला ठेवून.

फळं-भाज्या भरपूर खाव्यात, पण त्यांना कवचकुंडलं समजू नये. गोळ्यांच्या भानगडीत तर पडूच नका. चीनच्या लिनशियानमध्ये हजारो लोकांना पाच-सहा वर्षं जीवनसत्त्वं आणि खनिजं दिली, तरी हा कर्करोग ठळकपणे कमी झाला नाही. उलट धूम्रपान करणाऱ्यांमध्ये बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचं दिसलंय.

धागाकर्ती
खूप आभार. मलाही हल्ली कोरडा घास मध्येच अडकल्यासारखा वाटतो. काकांमुळे मनाचे खेळ असावेत का?

प्रतिसाद
असतीलही. पण ते इथे विचारून ठरवू नका. आधी घट्ट अन्न अडकणं, पुढे पातळही न उतरणं आणि वजन घटणं ही या आजाराची नेहमीची चाल. आम्लपित्तानंही घास अडकतो, पण नक्की काय ते एंडोस्कोपीतच (तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी आत घालून केलेल्या तपासणीत) दिसतं. याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या.